मोंढ्यातलं दुकान आणि डेटाबेसचं कोडं

डीबीएमएसच्या पेपरात ‘नॉर्मलायझेशन सोदाहरण स्पष्ट करा’ हा प्रश्न आपल्या पाचवीला पुजलेला आहे. आणि उदाहरणही ठरलेलं! विद्यार्थी, रोल नंबर, विषय, गुण. प्रत्येक विद्यार्थ्याला रोल नंबर असतो, नाव असतं, जन्मतारीख असते. सगळ्यांना तेच कॉलम. जग इतकं सरळ असतं तर आमच्या ग्रुपला मिनी प्रोजेक्टसाठी अंबाजोगाईच्या मोंढ्यात इतक्या चकरा माराव्या लागल्या नसत्या.

(आधीच सांगून ठेवते, माझी शाळा कॉन्व्हेंटची. ‘रकाना’ हा शब्द मी याच वर्षी शिकले. त्यामुळे लेखात कॉलम आणि रकाना दोन्ही येतील. अर्थ एकच.)

ग्रुपमधल्या एकीच्या मामांचं मोंढ्यात कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं, ठिबक, पाइप, मोटारी, फवारणी पंप, सगळं एका छताखाली. मामांची मागणी ऐकायला अगदी छोटी होती. गिऱ्हाईक जे मागतंय ते टाकलं की माल आहे का आणि कुठल्या रॅकला आहे, एवढं कॉम्प्युटरनं सांगावं. सध्या हे काम काउंटरवरचे काका करतात. कुणी म्हणालं, ‘पाचची द्या, थ्री फेज, अडीच इंची’, की काका मान वर न करता सांगतात, ‘मागच्या खोलीत, डाव्या हाताला, खालून दुसरी.’ पण काका एखाद्या दिवशी आले नाहीत की दारातलं गिऱ्हाईक ‘नाही ओ’ ऐकून परत जातं आणि माल मागच्या खोलीत तसाच पडून राहतो. एरवी ठीक आहे. जूनमध्ये पाऊस पडून वापसा आला की पेरणीला मोजके दिवस हातात असतात. तेव्हा एका खोट्या ‘नाही’मुळे माणसाचा केजला किंवा परळीला जाण्यात अख्खा दिवस जातो.

आता हे टेबलात कसं बसवायचं? मोटारीला एचपी, फेज, स्टेज आणि आउटलेट. सोयाबीनच्या बियाण्याला वाण, उगवणशक्ती, पिकाचा कालावधी, लॉट नंबर. खताला नत्र, स्फुरद, पालाश यांचं प्रमाण. म्हणजे डीएपी असेल तर १८:४६:०, नाहीतर १०:२६:२६ किंवा ठिबकमधून सोडायचं १९:१९:१९. ठिबकच्या नळीला व्यास, ड्रिपरमधलं अंतर आणि ताशी किती लिटर. औषधाला घटक, टक्केवारी, एक्स्पायरी आणि डब्यावरचा रंगीत त्रिकोण. वहीत यादी केली तेव्हा साठच्या वर गुणधर्म झाले. त्यातले एका वस्तूला लागू होणारे जेमतेम सहा!

पहिला विचार कुणाच्याही मनात येतो तोच: एकच टेबल, साठ कॉलम. मोटारीच्या ओळीत उगवणशक्तीचा रकाना रिकामा, बियाण्याच्या ओळीत एचपीचा रिकामा. दहातले नऊ रकाने रिकामे. तेही चालवून घेतलं असतं, पण उद्या मामांनी बॅटरीवरचा पंप आणला की त्याला ‘बॅटरी किती अँपिअर-अवर’ हा नवीन कॉलम. म्हणजे प्रत्येक नव्या मालाला टेबलाची रचनाच बदलायची आणि त्याबरोबर स्क्रीनही. आम्ही पास आउट झाल्यावर हे कोण करणार?

दुसरा विचार म्हणजे मोटारींचं टेबल वेगळं, बियाण्यांचं वेगळं, खतांचं वेगळं. पुस्तकाच्या दृष्टीनं हे सुंदर आहे आणि मालाचे प्रकार ठरलेले असतील तर हेच करावं. पण दुकानात प्रकार वाढत राहतात आणि प्रत्येक नव्या प्रकाराला नवीन टेबल, नवीन फॉर्म, नवीन क्वेरी लागते.

एडगर कॉड यांनी आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत असताना १९७० साली रिलेशनल मॉडेलचा मूळ पेपर लिहिला. त्यांच्या मांडणीत एक गोष्ट गृहीत आहे. कुठल्या वस्तूला कोणते गुणधर्म, हे आपल्याला आधी माहीत असतं आणि ते टेबलाच्या डोक्यावर लिहिता येतं. आपल्या दुकानात नेमकं तेच ठरलेलं नाही.

मग तिसरी पद्धत. टेबल आडवं वाढवण्याऐवजी उभं करायचं. कॉलम फक्त तीन: वस्तू क्रमांक, गुणधर्म, किंमत. (किंमत म्हणजे रुपये नव्हे, व्हॅल्यू!) मोटार नंबर १७ च्या तीन ओळी होतील: ‘१७, एचपी, ५’, ‘१७, फेज, ३’, ‘१७, आउटलेट, अडीच इंच’. बियाण्याच्या ओळी वेगळ्या, खताच्या वेगळ्या, पण टेबल एकच. जो गुणधर्म नाही त्याची ओळच नाही. नवीन माल आला तर नवीन ओळी घालायच्या, रचनेला हात लावायचा नाही. या पद्धतीला एन्टिटी–अ‍ॅट्रिब्यूट–व्हॅल्यू, थोडक्यात ईएव्ही म्हणतात. दवाखान्यांच्या संगणकीकरणात ही फार पूर्वीपासून वापरली गेली, आणि ते साहजिक आहे. आपल्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात पेशंटचा केसपेपर बघा. जगातल्या सगळ्या तपासण्यांचे रकाने त्यावर छापलेले नसतात, ज्या केल्या त्याच लिहिलेल्या असतात. पुढे २००८ मध्ये आलेल्या मॅजेंटो या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरनंही मालाची यादी याच पद्धतीनं ठेवली.

ठेवायचं काम इतकं सोपं झालं की पोरींनी कँटीनमध्ये चहा सांगितला. पण मामांनी मागितला होता शोध, साठवण नव्हे. खरी गंमत तिथून पुढे आहे.

‘पाचची, थ्री फेज, अडीच इंची’ हे क्वेरीत कसं लिहायचं? सवयीनं हात असं लिहितो: जिथे गुणधर्म एचपी आणि किंमत ५, आणि गुणधर्म फेज आणि किंमत ३, आणि गुणधर्म आउटलेट आणि किंमत अडीच. उत्तर येतं शून्य ओळी. मोटार समोर ठेवलेली असली तरी शून्य! कारण ‘व्हेअर’ची अट एका वेळी एकच ओळ तपासते. एका ओळीतला गुणधर्म एकाच वेळी ‘एचपी’ही आणि ‘फेज’ही कसा असेल? होस्टेलच्या आवक-जावक वहीत ‘जी नोंद एकाच वेळी सोमवारची आणि मंगळवारची आहे ती दाखवा’ असं रेक्टर मॅडमना विचारल्यासारखं ते आहे. आपल्याला हवी असते ती मुलगी जिची सोमवारचीही नोंद आहे आणि मंगळवारचीही. प्रश्न ओळींचा नसून ओळींच्या गठ्ठ्याचा आहे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे तेच टेबल तीनदा जोडायचं, सेल्फ जॉइन. एका प्रतीत एचपी बघायचा, दुसरीत फेज, तिसरीत आउटलेट, आणि तिन्हींचा वस्तू क्रमांक एकच असला पाहिजे. बरोबर उत्तर येतं. पण जितक्या अटी तितके जॉइन. मायएसक्यूएलमध्ये एका क्वेरीत ६१ पेक्षा जास्त टेबलं जोडता येत नाहीत. आपल्याला इतक्या अटी लागणार नाहीत हे खरं, पण गिऱ्हाईक आज दोन गोष्टी सांगेल आणि उद्या पाच, म्हणजे दरवेळी क्वेरीचा आकार बदलणार.

दुसरा उपाय मला जास्त आवडला. ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ लिहायचं. एचपी ५ असलेली, किंवा फेज ३ असलेली, किंवा आउटलेट अडीच असलेली प्रत्येक ओळ उचलायची. मग ‘ग्रुप बाय’ करून वस्तू क्रमांकाप्रमाणे गठ्ठे करायचे आणि प्रत्येक गठ्ठ्यात किती ओळी आल्या ते मोजायचं. ‘हॅविंग काउंट’ बरोबर तीन, म्हणजे तिन्ही अटी जुळल्या. अटी पाच झाल्या तर तीनच्या जागी पाच. ‘या यादीतल्या सगळ्या अटी ज्याला लागू होतात तो’ या प्रकारच्या प्रश्नाला रिलेशनल अल्जिब्रात डिव्हिजन म्हणतात. आपण तो टॉपिक ‘परीक्षेला येत नाही’ म्हणून सोडतो, तोच हा.

या मोजणीत एक बोनस आहे. तीनपैकी दोन जुळलेले गठ्ठेही हातात असतात. उतरत्या क्रमानं लावले की ‘हुबेहूब नाही, पण जवळचं’ अशी यादी मिळते. काका हेच करतात. ‘अडीचची नाही दादा, दोनची आहे, रेड्युसर लावून घ्या.’ जॉइनवाल्या पद्धतीत ही दोनची मोटार कधी दिसलीच नसती.

पण मोजणीत खड्डाही आहे. एकच औषध दोन पिकांना चालत असेल तर ‘पीक’ या गुणधर्माच्या दोन ओळी होतात, कापूस आणि सोयाबीन. कुणी ‘कापूस किंवा सोयाबीन चालेल, आणि पाव लिटरची बाटली हवी’ असं विचारलं तर अटी दोन. एक लिटरच्या बाटलीत पाव लिटरची अट जुळत नाही, पण पिकाच्याच दोन ओळी मोजल्या जाऊन काउंट दोन होतो आणि चुकीची बाटली पास! म्हणून ओळी मोजायच्या नाहीत, वेगवेगळ्या अटी मोजायच्या. प्रत्येक अटीला नंबर द्यायचा आणि ‘काउंट डिस्टिंक्ट’ त्या नंबरावर लावायचा.

यापुढची अडचण जास्त लबाड आहे, कारण एररचा मेसेज येत नाही. उभ्या टेबलात ‘किंमत’ हा कॉलम एकच. त्यात ५ पण बसतो, ‘जेएस-३३५’ पण आणि तारीख पण. सगळं सामावून घ्यायचं तर तो मजकुराचा कॉलम करावा लागतो. आणि मजकुराची तुलना डिक्शनरीसारखी पहिल्या अक्षरापासून होते. ‘साडेसात किंवा जास्त एचपी’ विचारलं की १० आणि १२.५ च्या मोटारी गायब, कारण १ हा ७ च्या आधी येतो.

मोटारीचं एक वेळ हसण्यावारी नेता येईल. मोंढ्यात मालाची विक्री होते तशी आवकही होते, आणि तिथे हेच कोडं शेतकऱ्याच्या अंगावर येतं. १४ एप्रिल २०१६ ला सुरू झालेल्या ई-नाममध्ये प्रत्येक शेतमालाचे गुणवत्तेचे निकष वेगळे ठरवलेले आहेत. सोयाबीनला ओलावा, काडीकचरा, खराब दाणे. कापसाला धाग्याची लांबी, मायक्रोनेअर, ओलावा. म्हणजे आपल्याच दुकानाचा प्रश्न, फक्त उलट्या बाजूनं. हमीभावानं सोयाबीन खरेदी करताना ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. समजा कुणी ती मजकूर म्हणून तपासली. ११.८ पास होईल. पण चार दिवस अंगणात वाळवून ९.५ वर आणलेला माल नापास, कारण ९ हा १ च्या नंतर येतो! २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. वीस क्विंटलची गाडी परत पाठवणं म्हणजे एक लाख सहा हजारांचा माल परत पाठवणं.

उपाय असा की किंमतीचा एक कॉलम न ठेवता आकड्यांसाठी वेगळा, मजकुरासाठी वेगळा आणि तारखेसाठी वेगळा ठेवायचा. मॅजेंटोनं तर यासाठी टेबलंच वेगळी केली. आणि मर्यादा प्रोग्राममध्ये लिहायची नाही, तीही टेबलात ठेवायची, हंगामासकट. २०२४ च्या खरिपात पाऊस लांबल्यामुळे केंद्र सरकारनं त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ टक्के केली होती. कोडमध्ये १२ लिहून ठेवणाऱ्याला त्या दिवशी गावाहून परत बोलवावं लागलं असतं.

पण कुठल्या गुणधर्माची किंमत आकडा आहे आणि कुठल्याची मजकूर, हे कॉम्प्युटरला कोण सांगणार? इथे चौथं टेबल लागतं, गुणधर्मांचा कोश. माझ्या मते सगळ्या प्रोजेक्टचा जीव यात आहे. प्रत्येक गुणधर्माचं एकच अधिकृत नाव, त्याचा प्रकार, त्याचं एकक, तो कुठल्या मालाला लागू आणि भरणं सक्तीचं आहे की नाही. हे नसेल तर एक जण ‘एचपी’ लिहितो, दुसरा ‘हॉर्सपॉवर’, तिसरा ‘अश्वशक्ती’, आणि शोधाला तीन वेगवेगळे गुणधर्म दिसतात. आडव्या टेबलात ही चूक होऊच शकत नाही, कारण कॉलमचं नाव एकदाच लिहिलेलं असतं. उभ्या टेबलात आपण ती मोकळीक घेतो आणि शिस्त बाहेरून आणावी लागते.

या कोशासाठी आम्ही काकांसमोर वही घेऊन बसलो तेव्हा कळलं की त्यांच्या डोक्यात केवढा डेटाबेस आहे. पीव्हीसी पाइपवर छापलेलं असतं ६३ मिलीमीटर, शेतकरी म्हणतो ‘दोन इंची’. ७५ म्हणजे ‘अडीच इंची’, ९० म्हणजे ‘तीन इंची’. कॅल्क्युलेटरवर दोन इंचांचे ५०.८ मिलीमीटर होतात, त्यामुळे गणितानं रूपांतर केलं तर बरोबर पाइप कधीच सापडणार नाही. छापील मापं बाहेरच्या व्यासाची आहेत आणि बोलीतली मापं जुन्या लोखंडी पाइपाच्या हिशोबाची, म्हणून सूत्राऐवजी जोड्यांची यादीच लागते. वाणांचंही तसंच. पिशवीवर ‘जेएस-३३५’, मागणारा म्हणतो ‘तीनशे पस्तीस’. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘एमएयूएस-७१’ म्हणजे नुसतं ‘एकाहत्तर’. हे सगळे पर्यायी शब्द कोशात टाकले आणि शोधताना आधी गिऱ्हाईकाचा शब्द कोशातून अधिकृत शब्दात बदलून घेतला.

ग्रंथालयात काम करणाऱ्यांना यात नवीन काही वाटणार नाही. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये ‘कोलन क्लासिफिकेशन’ प्रसिद्ध केलं. पुस्तकाला एका ठरलेल्या खणात न कोंबता त्याचे पैलू वेगवेगळे नोंदवायचे आणि मग जोडायचे, ही कल्पना त्यात आहे. आज खरेदीच्या साइटवर डाव्या बाजूला ब्रँड, साइज, रंग अशा टिक करायच्या चौकटी असतात, त्यांना फॅसेट म्हणतात. फॅसेट हा शब्द वर्गीकरणात रुजवणारे रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक होते, हे मला फार आवडलं.

वेगाची काळजी सगळे करतात, आम्हालाही व्हायव्हात तेच विचारलं. मामांच्या दुकानात साधारण २,००० वस्तू, प्रत्येकी सहा गुणधर्म, म्हणजे १२,००० ओळी. (गुणधर्म, किंमत, वस्तू) असा एकत्र इंडेक्स केला की लॅबमधल्या सगळ्यात म्हाताऱ्या पीसीलाही हे जड नाही. लाखो वस्तूंच्या दुकानात जॉइन महाग पडतात, म्हणून मॅजेंटोनंही सगळं परत एका आडव्या टेबलात सपाट करून ठेवायची सोय दिली होती. आता आणखी एक मार्ग आहे. पोस्टग्रेएसक्यूएलच्या ९.४ आवृत्तीत, २०१४ साली, जेसनबी आलं. वस्तूची एकच ओळ आणि तिच्यात सगळे गुणधर्म एका पिशवीत भरलेले. जिन इंडेक्समुळे ‘ज्या पिशवीत ही तिन्ही आहेत ती द्या’ हे थेट विचारता येतं, ग्रुप बायची कसरत नको. मायएसक्यूएलमध्येही २०१५ च्या ५.७ पासून जेसन आहे. आज कुणी नव्यानं करत असेल तर मी सांगेन: नाव, कंपनी, दर, रॅक, एक्स्पायरी हे साधे कॉलम ठेवा आणि बाकीचं जेसनबीत. मात्र कोश तरीही लागतोच. पिशवीच्या आत ‘एचपी’ आणि ‘हॉर्सपॉवर’ सुखानं शेजारी राहतात.

शेवटचं कोडं ‘नको’चं. शेतकरी विचारतो, ‘लाल त्रिकोणाचं सोडून दुसरं काही आहे का?’ कीटकनाशकाच्या डब्यावर चार रंगांपैकी एक त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि सगळ्यात सौम्य हिरवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून आमच्याकडेही हा प्रश्न विचारला जातो, असं काका म्हणाले. आता ज्या औषधाचा त्रिकोण आपण अजून भरलेलाच नाही, त्याचं काय? आडव्या टेबलात ‘त्रिकोण लाल नाही’ असं विचारलं तर रिकामा रकाना नल असतो. नलची तुलना खरीही नाही आणि खोटीही नाही, म्हणून ते औषध यादीतून गळतं. उभ्या टेबलात ‘लाल त्रिकोणाची ओळ नसलेली औषधं’ असं विचारलं तर ओळच नसल्यामुळे तेच औषध यादीत येतं, आणि ‘लाल नसलेलं’ म्हणून शेतकऱ्याच्या हातात जातं. प्रश्न तोच, माल तोच, पण रचना बदलली की उत्तर उलट! पहिल्यात दुकानाचा एक डबा विकला जाणार नाही. दुसऱ्यात काय होईल ते सांगायला नको.

म्हणून आमच्या प्रोग्रामात ‘लाल नको’ हा प्रश्न आत जाताना ‘पिवळा, निळा किंवा हिरवा नोंदवलेला’ असा बदलतो. त्रिकोण न भरलेली औषधं खाली वेगळ्या यादीत येतात, ‘डबा बघूनच द्या’ अशा सूचनेसह. पहिल्या दिवशी त्या यादीत एकशे चाळीस नावं होती. दुपारी मोंढा शांत असला की काका दहा-पंधरा डबे फिरवून त्रिकोण बघतात आणि रंग भरतात. परवा विचारलं तेव्हा अडतीस उरली होती.